पाहुणीच्या कामातली खोट

महापालिकेच्या शाळेत मी गणित शिकवते. आमच्या मुलांचे बहुतेक पालक चाकणच्या कंपन्यांत कामगार. संगणकाच्या क्षेत्रात कसली कामं असतात हे मुलांना कळावं, म्हणून एका शनिवारी दुपारी मी वाकडच्या आयटी कंपनीतल्या एका सॉफ्टवेअर टेस्टर तरुणीला बोलावलं.

पुढच्या महिन्यापासून शाळा सुटल्यावर मी कोडिंगचा वर्ग घेणार होते. नववीतल्या एका मुलीला त्यात यायचं होतं, पण फॉर्मवर वडिलांची सही नव्हती. त्याच शनिवारी पहिली शिफ्ट संपवून ते कंपनीच्या गणवेशातच शाळेत आले, तेही नकार द्यायला.

"मॅडम, कॉम्प्युटर वाकडच्या लोकांचं काम हाय. तिला उगा आशा लावू नका."

"आलाच आहात तर दहा मिनिटं बसा," मी म्हणाले.

पाहुणीने ग्रंथालयाच्या नोंदींचं एक छोटं ॲप आणलं होतं. "यात मुद्दाम चुका ठेवल्यात. शोधा. मी नोकरीत हेच करते."

मुलांनी आपापली नावं नीट टाइप केली, बटण दाबलं आणि म्हणाली, "छान आहे, ताई." एकानेही चूक काढली नाही. पाहुण्यांच्या वस्तूला नावं ठेवायची नसतात, हे आम्हीच शिकवलेलं.

पाहुणी वैतागली नाही. तिने मागे बसलेल्या वडिलांना विचारलं, "दादा, तुमच्याकडे पहिला नग कोण तपासतं?"

"मीच. तो पास झाल्याबिगर पुढं मशीन चालवत न्हाई."

"आणि साहेबांनी काढलेला असेल तर?"

"साहेब असू दे न्हाईतर साहेबाचा बाप. मापात बसला न्हाई, की लाल पेटीत!"

वर्ग हसला. त्यांची मुलगी उठली. पुस्तक परत केल्याची तारीख तिने ते नेल्याच्या दिवसाच्या आठवडाभर आधीची टाकली. ॲपने ती मुकाट घेतली.

"ताई, न्यायच्या आधीच पुस्तक परत आलं. टाका लाल पेटीत."

मग कोणाला आवर राहिला नाही. कोणी उणे तीन पुस्तकं नेली, कोणी नावाच्या जागी नुसती टिंबं दिली. पाहुणी भराभर लिहून घेत होती. "यातल्या दोन चुका मी ठेवलेल्या नाहीत, माझ्याकडून राहून गेल्यात," असं तिने सरळ सांगितलं. पाहुणीने आणि त्या वडिलांनी चार वाक्यांत मुलांना जे समजावलं, ते इतकी वर्षं शिकवून मला जमत नाही.

"ह्या कामाला पगार देतात?" वडिलांनी विचारलं.

"मला देतात की."

त्यांनी माझ्याकडून फॉर्म मागून घेतला आणि दोनदा वाचला.

"मॅडम, वर्ग सुटायची वेळ लिहिली न्हाई."

फॉर्म मीच तयार केला होता. मी वेळ लिहिली. मग त्यांनी सही केली.