नव्या भागातली रिकामी थैली

मुलीने व्हिडिओ गेमचा नवा भाग सुरू केला, तर थैलीत शून्य नाणी! मागच्या भागात तिच्याकडे सोन्याचा ढीग होता. मीच हळहळले, "एवढं कमावलेलं सगळं गेलं?"

"आई, जुनं सोनं नव्या भागात चालतच नाही," ती हसली. "पण राक्षसाला कुठे हाणायचं, ते मला ठाऊक आहे ना!"

आणि पहिल्याच राक्षसाला लोळवून तिने नाणी गोळा केली.

नाणी त्या त्या गावची असतात, हात मात्र आपल्याबरोबर येतो. सांगलीतली चालती खानावळ सोडून आम्ही इथे आलो. गिऱ्हाईकं, नाव, सगळं तिथेच राहिलं. आज संध्याकाळी इथले पहिले डबे जायचेत. या गावात मला कुणी ओळखत नाही.

मी परात पुढे ओढली. कणकेने मला लगेच ओळखलं.