बर्फाविना आणलेलं रक्त

इगतपुरी-घोटीच्या पट्ट्यात झुंबर ड्रेसरला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि जनावर तर सापडणारच नाही. जनावरांच्या दवाखान्यातला ड्रेसर म्हणजे जखमा बांधणारा, गाय धरून ठेवणारा, डॉक्टरांच्या मागे पेटी घेऊन चालणारा माणूस. पगार बेताचा, मान त्याहून बेताचा. पण या गड्याचा तोरा बघावा! सगळी नव्वदची दहा वर्षं हा लाळ्या-खुरकुताच्या लसीचा डबा खांद्यावर टाकून डोंगरातले पाडे चढला आणि त्याच्या डब्यातला बर्फ कधी म्हणून संपला नाही. जीप बंद पडली तर पठ्ठ्या मासळीवाल्याच्या पाटीतून बर्फ मागून आणायचा. लसीला चार दिवस बोंबलाचा वास यायचा, पण लस गारच असायची. बर्फ संपला की लस मेली, हे वाक्य त्याने इतक्यांना ऐकवलं होतं की त्याची बायको चांगुणा म्हणायची, मला या माणसाच्या घरी धाडताना माझ्या बापाने बर्फाची लादी द्यायला हवी होती.

तर अशा या माणसाच्या नशिबी २००४ साली काय वाढून ठेवलं होतं, ते सांगतो.

त्याची धाकटी बहीण फुलाबाई घोटीच्या अलीकडच्या पाड्यावर दिलेली. घरी भाताचं वावर, तीन गाई, आणि एकुलती एक पोर मैना, अकरा वर्षांची. मैनाच्या मानेला गंडमाळ, म्हणजे गाठींची रांग, उठली. डॉक्टरांनी क्षयाची औषधं दिली, सहा महिने पोरीने ती निमूट खाल्ली, गाठी बसल्या. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि वर्ष उलटायच्या आत गाठी परत आल्या, आधीपेक्षा मोठ्या. एक तर फुटून वाहायला लागली. मैना शाळेत जायची बंद झाली.

पोर अशक्त झाली म्हणून फुलाबाई काय करायची? रोज सकाळी गोदी नावाच्या जर्सी गाईच्या कासेखाली तिला बसवायची आणि पेलाभर धारोष्ण दूध पाजायची. न तापवता, थेट सडातून आलेलं. धारोष्ण दुधासारखी ताकद कशात नाही, असं तिच्या सासूने सांगितलेलं, सासूला तिच्या सासूने. आपल्याकडे घरोघरी हेच चालायचं, उगाच तिला एकटीला नावं ठेवू नका.

झुंबरच्या मनात गोदीबद्दल शंका होती. गाय चारा खाऊनही वाळत चाललेली, अधूनमधून कोरडं ढासायची. जनावरालाही क्षय होतो आणि तो कच्च्या दुधातून माणसात उतरतो, हे त्याने दवाखान्यात ऐकलेलं. पण पाड्यावरच्या गाईंची कातडीची तपासणी झाली होती: मानेवर सुई टोचायची, तीन दिवसांनी सूज आली का मोजायचं. गोदीला सूज आली नाही. तसा कागद मिळाला. फुलाबाईने तो देवाच्या फोटोमागे ठेवला आणि भावाने तोंड उघडलं की काढून त्याच्या पुढ्यात धरायची. तुझ्याच साहेबाची सही हाय, म्हणायची. दुसऱ्या दिवशी मैना पुन्हा पेला घेऊन कासेखाली.

डॉक्टर म्हणत होते, औषध पुन्हा सुरू करू, पण रोग आत येत राहिला तर औषध कुठवर पुरं पडणार? म्हणजे गाय पकडली तर पोर वाचणार, नाहीतर हातची जाणार. झुंबरची झोप उडाली.

त्याच पावसाळ्यात डॉक्टर स्नेहल नावाची एक तरुण बाई नाशिकला क्षयाच्या नव्या रक्ततपासणीचा अभ्यास करायला आली. जनावराचं रक्त काढायचं, त्यात क्षयाच्या जंतूचा अर्क मिसळून रात्रभर उबेला ठेवायचं. जंतूशी आधी गाठ पडलेलं रक्त त्याला ओळखतं आणि सकाळी तपासणीत पिवळा रंग येतो. माणसांचं रक्तही अशाच तऱ्हेने तपासायचं होतं. कातडीवर न दिसलेली गाय यात सापडू शकते, हे ऐकताच झुंबरने बाईंचा पिच्छाच पुरवला. शेवटी त्यांनी गोदीचं आणि मैनाचं नाव यादीत घातलं.

नमुने आणायचं काम झुंबरकडे आलं. डॉक्टरबाईंनी बजावून सांगितलं की रक्त आठ तासांच्या आत आणायचं आणि बर्फ अजिबात लावायचा नाही.

बर्फ नाही? झुंबर मनातल्या मनात हसला. शिकलेली पोर, घाईत उलटं बोलून गेली असेल. उद्या नमुने नासले की हिलाच बोलणी बसायची. तेव्हा ताकास तूर लागू न देता या शहाण्याने डबा बर्फाने गच्च भरला, गोदीसकट पाड्यावरच्या वीस गाईंचं आणि मैनाचं रक्त त्यात ठेवलं आणि ऐटीत नाशिकला नेऊन दिलं. बाईंच्या हाती नळ्या पडण्याआधी त्या पुसून कोरड्या करायलाही विसरला नाही. काय म्हणावं याला!

दुसऱ्या दिवशी एकाही नमुन्याला रंग आला नाही. प्रत्येक रक्ताचा एक थेंब नुसतं ते जिवंत आहे का हे बघायला वेगळा ठेवलेला असतो, त्याला रंग यायलाच हवा. तोही आला नाही. स्नेहलबाई पांढऱ्याफटक पडल्या. परदेशातून आलेली तपासणीची औषधं वाटेत बिघडली, असं समजून त्या वरिष्ठांना कळवायला निघाल्या. कळवलं असतं तर काम तिथेच गुंडाळलं गेलं असतं.

झुंबर दाराशी उभा होता. गप्प बसला असता तर कुणाला कळणार होतं? इतक्या वर्षांची अब्रू आणि समोर भाचीची मान. मग आत शिरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत, ते त्याला जास्त लागलं. त्यांनी एवढंच समजावलं की लस गारच ठेवतात, पण या तपासणीत रक्ताला रात्रभर काम करायचं असतं आणि गारठलेलं रक्त कामच करत नाही. ना गार ना गरम, सावलीतल्या खोलीसारखं ठेवायचं. तपासणीची औषधं आता एकाच खेपेपुरती उरली होती.

खरी कसोटी पुढेच होती. फुलाबाई पोरीला पुन्हा सुई टोचू देईना. गाय साफ निघाली म्हणूनच रंग आला नाही, असं तिने धरलं. झुंबर ओसरीवर तिच्यासमोर खाली बसला.

"चूक माझी हाय, फुला," तो म्हणाला. "रक्ताची नाय, गाईची नाय. मला वाटलं मलाच समदं कळतं. माझ्या शहाणपणापायी तुझी पोर जाऊ दिऊ नको."

थोरल्या भावाला असं बोलताना तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने उठून मैनाला हाक मारली. सोबत आलेल्या नर्सने तिचं रक्त काढलं, वीस गाईंचंही पुन्हा काढून झालं.

ऑगस्टचा पाऊस तिकडे कसा कोसळतो ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. हवा इतकी गार की बर्फ न लावताही नळ्या गारठल्या असत्या. चांगुणाने भाकरीची टोपली दिली, धुतलेल्या लुगड्याच्या घड्या दिल्या. झुंबरने नळ्या त्या घड्यांत निजवल्या. नेमकी हायवेवर दरड आली आणि गाड्या अडकल्या. गडी टोपली पोटाशी धरून चिखलातून स्टेशनावर गेला, पॅसेंजर तासभर उशिरा आली, डब्यात दाराकडे पाठ करून बसला, बाजूच्या बाईने भाकरी कशाची विचारलं तर तिच्यावर उगाच खेकसला. प्रयोगशाळेत पोचला तेव्हा आठ तासांतली वीसच मिनिटं उरली होती.

सकाळी स्नेहलबाईंनी त्याला आत बोलावलं. जिवंत रक्त ओळखायचे सगळे थेंब लख्ख पिवळे झाले होते, एकवीसच्या एकवीस. वीस गाईंपैकी दोन क्षयाच्या निघाल्या. त्यातली एक गोदी. आणि मैनाचं रक्तही पिवळं. बाईंनी कागदावर बोट ठेवून सांगितलं की गाय नुकतीच व्यालेली असली तर कधीकधी कातडीवर सूज येत नाही. गोदी तपासणीच्या आठ दिवस आधीच व्यालेली होती. झुंबरला ते आठवलं आणि त्याने कपाळाला हात लावला.

फुलाबाईने कागद पाहिला, अक्षर कळत नसतानाही बराच वेळ पाहिला. गोदीला लांबच्या खोपीत वेगळं बांधलं, तिच्या गळ्यात पडून रडली आणि तिचं दूध त्या दिवसापासून घरात आणलं नाही. बाकी गाईंचं दूध ओतू जाईपर्यंत तापवायचं, हा नवा कायदा. सासूने नाक मुरडलं, तर तिला म्हणाली, तुमची ताकद तुमच्याजवळच ठेवा. पाड्यावरच्या बायका आधी हसल्या, मग त्यांनीही चुलीवर पातेली चढवली. मैनाच्या गाठीतलं पाणी काढून डॉक्टरांनी रोगाचं निदान पक्कं केलं आणि औषध नव्याने सुरू झालं. या वेळी वरून पुन्हा रोग पाजणारं कुणी नव्हतं.

पुढच्या वर्षी स्नेहलबाईंनी दहा तालुक्यांतले पशुवैद्य बोलावले आणि रक्त कसं आणायचं ते शिकवायला झुंबर ड्रेसरला उभं केलं. डॉक्टर लोक वहीत लिहून घेत होते आणि हा छाती काढून सांगत होता की सगळ्यात आधी आपली अक्कल बाजूला ठेवा, मी ठेवली नव्हती.

त्याच आठवड्यात तो मैनाला घेऊन नाशिकच्या इस्पितळात गेला. डॉक्टरांनी पोरीची मान दोन्ही हातांनी चाचपली, पुन्हा चाचपली, मग औषध बंद केलं. गाठ नाही, वजन नऊ किलोने वाढलेलं, जूनपासून शाळेत घाला म्हणाले. झुंबरने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, ते मागे सरले.

दोघं चालत द्वारकेच्या चौकापर्यंत आली. तिथे रिक्षांच्या, ट्रकांच्या गर्दीत झुंबर एकदम थांबला, मैनाला उचललं आणि सरळ खांद्यावर बसवलं. बारा वर्षांची घोडी, लाजून लाजून मेली.

"मामा, खाली ठेव, लोक बघत्यात."

"बघू दे," झुंबर म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसणं थांबत नव्हतं. "लय दिवसांनी वजनदार झालीस गं पोरी, बघू दे की समद्यांना."