परशूचा कार्बन

तुळजाच्या पुढच्या खोलीतला प्रिंटर करकर वाजायला लागला की आतून सासू केशर हाक मारायची, "परशू, आधी जेवून घे रं!"

तुळजाचा नवरा परशू जाऊन नऊ महिने झाले होते. सुरुवातीला तुळजा समजावून सांगायची. पुढे नुसतं "व्हय, आत्ती" म्हणायला लागली. कधी कधी तिलाही वाटायचं, मागं वळून बघितलं तर खुर्चीत ते बसलेले असतील. ती वळायची नाही.

रामनगरात तेव्हा असली मशिनं दोन-तीनच. सुया रिबनीवर आपटून अक्षर उठवणारं हे मशीन परशूनं जुनंच आणलं होतं. त्याच्या युक्त्या त्यालाच सुचाव्यात. रिबन सुकली की शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब. रिबन तुटली तर दोन कागदांत कार्बन घालून छापायचं. वरचा कागद कोरा, खालच्यावर अक्षरं. कार्बन सरकू नये म्हणून त्यालाही कडेनं कागदासारखी भोकं पाडायचा. तुळजा शेजारी बसून हे सगळं शिकली.

सुप्याच्या धरणात गाव गेलं तेव्हा देव डोक्यावरून इकडं आणलेला. त्याच्या दिवाबत्तीच्या पाळ्या घरटी ठरलेल्या, आणि दरसाल दसऱ्याला त्याची यादी तुळजाच्या घरीच छापायची. यंदा पंच नारायणमामा सकाळीच आले.

"शेवटचं परशूचं नाव काढ. त्याजागी झिलूचं घाल. तुमच्या घरात आता पुरुष कोण हाय?"

"दिवा लावायला पुरुष कशाला लागतोय, मामा?"

"पंचांनी ठरवलंय. दुपारी बैठक हाय, तवर यादी दे."

झिलू परशूचा चुलतभाऊ. पाळी एकदा त्याच्या घरी गेली की परत यायची नव्हती. देवाची सेवा एवढंच तर उरलं होतं तिला.

मामा गेल्यावर तिनं कॉम्प्युटरवर यादी उघडली. परशूच्या नावावर आली आणि बोट हलेना. शेवटी नाव तसंच ठेवलं, खालच्या कोऱ्या ओळीवर गेली आणि लिहिलं: तुळजा परशू. देवाला हात जोडले आणि छापायला घेतलं. तीन अक्षरांतच रिबन तुटली. नवी मिळायची ती बेळगावात. तिनं खण उघडला, भोकं पाडलेला एक कार्बन सापडला, तोच घातला.

"परशू, जेवून घे रं!"

"व्हय, आत्ती."

कागद बाहेर आला. वरचा सोलून काढला आणि तिच्या अंगावर काटा आला. मथळा फिका, सगळी घरं फिकी, परशूचं नाव तर दिसेनासंच. एकच ओळ काळीभोर उठली होती. तिची.

दुपारी नारायणमामांनी यादी उन्हाला धरली. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे काय गं केलंस?"

"काही केलं न्हाई, मामा. कार्बन जुना हाय. गेल्या दसऱ्याला ह्यांनी ह्याच्यावर तीस प्रती काढल्या. तीच नावं, तीच जागा, तिथली शाई संपलीया. माझी ओळ नवी, म्हणून ती तेवढी उठली. देवाशप्पथ, एवढंच."

मामांनी यादीची घडी घातली. मग हळूच म्हणाले, "म्हंजे समद्यांची नावं परशूनंच पुसली. तुझी जागा तेवढी राखली."

"मामा, तसं न्हाई..."

"गप बस. तुझं नाव खोडायला माझा हात आता उठायचा न्हाई. झिलूचं बघून घेतो मी."

ती पुन्हा समजावायला गेली. पण बोलता बोलता तिचं तिलाच ते खरं वाटेना.

कार्तिकात तिची दिवाबत्तीची पाळी आली. तोवर यादीची गोष्ट घरोघरी पोचली होती. तिनं समई घासली, वात लावली, दारात उभं राहून सगळ्यांना प्रसाद दिला. प्रत्येकानं दोन्ही हात पुढं केले, कपाळाला लावून खाल्ला. पण तिच्याकडं मान वर करून कुणी बघितलं नाही. सगळे तिच्या खांद्यामागं बघत होते.

तुळजा वळली नाही.