गोपनीय कांबळी

हवाई दलातून निवृत्त होऊन कामोठ्याला परतलो, तेव्हापासून एकाच वाक्यावर माझं निभावलं: "ते सांगता येत नाही, गोपनीय आहे." तळावर तुम्ही नेमकं काय करायचात, असं बायकोनं विचारलं, की मी हे वाक्य टाकून खिडकीबाहेर बघायचो. एका पंधरा ऑगस्टला सोसायटीनं मला झेंडावंदनाला पाहुणा केलं. काहीही न सांगता मी वीस मिनिटं बोललो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं म्हणजे मी कांबळ्यांच्या कोठारावर होतो. कांबळी, गाद्या, मच्छरदाण्या द्यायच्या, परत घ्यायच्या, डांबरगोळ्या टाकायच्या. विमानं मीही चारचौघांसारखी मान वर करूनच पाहिली. माझा शत्रू म्हणजे लोकर खाणारी कसर, आणि तिच्यापुढेही मी बऱ्याचदा हरलो. पण बेलपाड्याच्या सासरवाडीत फौजी जावई म्हणून पहिल्या पंगतीला बसायचं, तिथं कांबळ्यांचा विषय कसा काढणार?

उत्तरेतला तो तळ हवाई दलानं सोडला आणि तिथं नागरी विमानतळ झाला, हे मला कळलं होतं. घरात मी चकार शब्द काढला नाही. पण आमची सून कामासाठी पनवेलच्या नव्या विमानतळावरून उडाली ती नेमकी तिथंच उतरली. तिनं व्हिडिओ कॉल लावला. "आई, हा बघा बाबांचा तळ!" जिथं कॅमेरा नेला तर पहारेकरी धरायचे, तिथं साड्यांचं दुकान होतं आणि लोक लस्सी पीत होते.

फोन ठेवून बायको म्हणाली, "आता कसला गुपित? सांगा."

पळायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं, कसरीसकट. ती हसेल, मग मीही हसून सुटेन, असा माझा हिशेब. ती हसली नाही.

"विमानात तुमी कदी चढलाच नाय?"

"नाही."

"मंग मी शनिवारचा उपास कुनासाठी धरला?"

तो उपास मी आजवर पित्ताचं पथ्य समजत होतो. कधी विचारलंच नव्हतं. मी पहिल्यांदा तळावर गेलो तेव्हा तिनं मारुतीला नवस बोलून धरला होता, माणूस सुखरूप येऊ दे म्हणून.

"अगं, पण मी परत आलो की. तेव्हा सोडायचास."

"सोडनार व्हते. पन तुमी कायबी सांगत नव्हतात. मला वाटला, अजून धोका हाय."

मला लाज वाटली, दुसरा शब्द नाही. त्या दिवशीही शनिवारच होता. मी आत जाऊन भात-आमटी वाढली आणि ताट तिच्यापुढे आणून ठेवलं. तिनं ते माझ्याकडे सरकवलं.

"आजचा मी करते. पुढच्या शनिवारपासून तुमी धरा. तितकीच वर्सं."