फ्रेंचमधलं गाऱ्हाणं

पूर्णगडची ऋतिका जन्माने कोकणातली, पण राहते पॅरिसात. देह तेवढा बाबांच्या जाळ्यांशेजारी हनुवटीला हात लावून बसलेला असतो. खाडीत होड्या डुलतात, त्या तिला पॅरिसच्या नदीत डुलताना दिसतात. वाळत घातलेल्या सुक्या बांगड्यांतून तिला नेमका ताज्या पावाचा वास येतो. नाकाची एवढी तयारी, पण आवाजाच्या नावाने शून्य. बारावीचं फ्रेंच ती सुरेख लिहायची. तोंडी परीक्षा म्हटली की घसा बंद. आणि तोंडीत आपटली तर पुढे फ्रेंच शिकायला पुण्याला पाठवणार नाही, असं बाबांनी बजावलेलं.

"मांजरासमोर बोल," शेजारची विमलाकाकू म्हणाली. ऋतिका बोलली. मांजर उठून गेलं.

मग काकूला सुचलं. देवळात गावचा मानकरी, गावकार, गावाच्या वतीने देवापुढे मागणं मांडतो, गाऱ्हाणं घालतो, तेव्हा वाक्यावाक्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. त्याशिवाय त्याला तरी धीर कुठून येणार?

"तू घाल गो फ्रेंचमधी गाऱ्हाणं. व्हय म्हनायला आमी हाव!"

त्या दिवसापासून संध्याकाळी बायका अंगणात मासे निवडायला बसल्या की ऋतिका डोळे मिटून फ्रेंचमध्ये सांगायची, माझं गाव समुद्राकाठी आहे.

"व्हय म्हाराजा!"

मला पुस्तकं आवडतात.

"व्हय म्हाराजा!"

अर्थ कुणालाच कळत नसे. पण देवळातल्या गाऱ्हाण्यातला तरी कुठे सगळा कळतो? आवाज मात्र भरतीच्या पाण्यासारखा हळूहळू चढत गेला.

परीक्षेला काकू रत्नागिरीच्या कॉलेजात सोबत आली आणि दाराबाहेरच्या बाकावर बसली. आत ऋतिकाने पहिलं वाक्य म्हटलं आणि सवयीने थांबली. परीक्षक बाई पुढच्या वाक्याची वाट पाहत होत्या, ऋतिका त्यांच्या 'व्हय'ची. होड्या, नदी, पुणं, सगळं धूसर होऊ लागलं.

"व्हय म्हाराजा!" दाराबाहेरून खणखणीत आवाज आला.

बाई दचकल्या. "कोण हे?" त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं.

हा प्रश्न तयारीत नव्हता. ऋतिकाला हसू फुटलं आणि हसताहसता तिने फ्रेंचमध्येच सांगून टाकलं: काकू, देऊळ, गाऱ्हाणं, उठून गेलेलं मांजरसुद्धा. चुका झाल्या असतील, पण बाईही हसायला लागल्या आणि विचारत राहिल्या.

बाहेर विमलाकाकू तोंड उघडून तयारच होती. पोरगी थांबेचना, बिचारीला 'व्हय' म्हणायला जागाच सापडेना.