मयताच्या लुगड्याची वाकळ

आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, स्वतःच्या मरणाची सगळी तयारी करून ठेवली होती. ती मी सहा-सहा इंचांच्या चौकोनात कापून टाकली.

आमच्याकडे बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं पडतं ते माहेरचं. भावानं आणायचं असतं. आत्तींचा भाऊ विट्याकडचा, पण सगळा जन्म सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यात, तिकडे कोईम्बतूरला गेला. माणूस हिशोबी. एकदा दिवाळीला आला तो पांढरं, जांभळ्या काठाचं नऊवारी घेऊनच. म्हणाला, "आक्का, तू गेल्यावर मी एवढ्या लांबनं येईपर्यंत तुला कोण ठेवून घेणार? आत्ताच घे." आत्तींनी बघितलं, काठ चाचपला आणि म्हणाल्या, "झ्याक हाय." (मला माझ्या भावानं असं काही दिलं असतं, तर मी त्याला चहासुद्धा दिला नसता!) पुढे तो बिचारा स्वतःच आधी गेला. त्याची मुलं तिकडेच राहिली, येणं-जाणं तुटलं. आत्तींचं माहेर उरलं ते तेवढंच. घडी घातलेलं, आठ-नऊ वार लांब.

आता माझ्याकडे वळू. आमची वैशाली बाळंतपणाला कुंडलला आली, दिवाळी होऊन आठवडा झाला आणि तिला मुलगी झाली. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, आणि जन्मल्यावर कोरं कापड अंगाला लावायचं नाही, हे आमच्या घरातले दोन कायदे. त्यामुळे बाळाची वाकळ शिवायला मला मिळाले अकरा दिवस. बाराव्या दिवशी बारसं.

वाकळ हातानं शिवतात. पण मी मोबाईलवर बघितलं होतं, की हल्ली चौकोन जोडून, मशिनवर, अगदी दुकानातल्यासारखी गोधडी घरच्या घरी होते. सोपं असतं, असं ती मोबाईलमधली बाई हसत हसत सांगत होती. शिवाय मी माधवनगरची. वडील कापडगिरणीत होते. कापड मला नुसत्या हातानं कळतं, हे मी लग्न झाल्यापासून या घरात सांगत आले आहे. दिवसातून एकदा तरी.

आत्ती म्हणाल्या, "माज्या ट्रंकंतली जुनेरं घे. चौऱ्याऐंशी वर्सं झाली मला, माजं आयुष्य लागू दे पोरीला. पर कात्री लावायच्या आदी मला दाव."

"दाखवते की."

दाखवलं नाही. त्या दुपारी पडल्या होत्या, डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना काय दिसणार, असा मी विचार केला. ट्रंकेच्या तळाशी एक पांढरं लुगडं मिळालं, इतकं मऊ, इतकं मऊ, की लोणी! पन्नास वर्षं नेसल्याशिवाय कापड असं होत नाही, असं माझ्या गिरणीतल्या हातानं मला खात्रीनं सांगितलं. लग्नाची एक जुनी पत्रिका घेतली, तिचा चौकोनी साचा कापला आणि सुरुवात केली. अठरा चौकोन त्या लुगड्याच्या काठापदराचे, अठरा माझ्या जुन्या छापील साड्यांचे. उरलेल्या लुगड्याचं अस्तर केलं, आणि घड्या घालून आत भर. नऊवारीतली वीतभर चिंधीसुद्धा वाया जाऊ दिली नाही. (हे मी तेव्हा अभिमानानं सांगत होते.)

शिवताना कळलं, की ती मोबाईलमधली बाई का हसत होती! वरचा थर पुढे पळायचा, खालचा मागे राहायचा, आणि मधला कुठे जायचा ते देवाला ठाऊक. चार सुया मोडल्या. चौकोनाचे कोपरे एकमेकांना भेटेनात, भावकीसारखे. पुढे तर एवढं जाड प्रकरण मशिनच्या हाताखाली जाईचना. मग मी अक्कल चालवली. वाकळ दोन अर्ध्यांत वेगळी शिवली आणि शेवटी मध्ये जोड घातला. त्या जोडावर मशिननं एक टाका घातला, तीन सोडले.

आमचे हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी वाकळ उलटसुलट करून पाहिली. "नक्शा ठीक है. पर हा मदला बॉर्डर कमजोर हाय."

"तुम्ही गप्प बसा!"

नवव्या दिवशी आत्ती उन्हाला बसल्या होत्या. मी दाखवायला म्हणून वाकळ खांद्यावर टाकून बाहेर आले, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "दिवाळी झाली न्हवं? माजं लुगडं काड आनि धुऊन सावलीला घाल."

"कुठलं लुगडं?"

"माज्या भावाचं. दर वर्साला मी धुती, कसर लागू न्हाई म्हनून. कपाटावर उंदरं झाली, तवा ट्रंकंत तळाला ठिवलंय. जांबळ्या काठाचं."

मी खांद्याकडे बघितलं. जांभळा काठ. अठरा ठिकाणी.

दर वर्षी धुऊन, सावलीत वाळवून, न नेसताच लोण्यासारखं झालेलं कापड! मी वाकळ पाठीमागे धरली (मोतीबिंदूवाल्या बाईपुढे!) आणि तशीच मागे मागे चालत घरात आले. यांना सांगितलं, तर सुभेदार खाटेवर बसले. "अगं, ते म्हातारीचं कफन हाय! तू त्यात नात गुंडाळणार?"

तोवर हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. एका चुकीत मी सासूचं मरण बिघडवलं होतं आणि नातीचं बारसंही.

खरं बोलायची हीच वेळ होती. म्हणून आम्ही सांगलीला गेलो. तीन दुकानं पालथी घातल्यावर पांढरं, जांभळ्या काठाचं नऊवारी मिळालं. दुकानदारानं विचारलं, "कशासाठी पाहिजे ताई? सण आहे का?" सुभेदार म्हणाले, "इमर्जन्सी हाय." घरी आणलं तर खळीनं पापडासारखं कडक! मग परसात ऑपरेशन सुरू झालं. मी भिजवायचं, यांनी दगडावर आपटायचं, मी पिळायचं, यांनी पुन्हा आपटायचं. सरहद्दीवर एवढा घाम गाळला नव्हता, असं ते म्हणाले. सहाव्या धुण्याला काठाचा रंग सुटला आणि सगळं लुगडं फिकट जांभळं झालं.

"आईला कुठं दिसतंय," हे म्हणाले.

सावलीत दोरीवर घातलं. आत्ती भिंतीला धरून धरून आल्या, पदर दोन बोटांत धरला आणि चोळला. एकदाच.

"ह्ये माज्या भावाचं न्हवं."

माधवनगर, गिरणी, वडील, सगळं त्या दोन बोटांपुढे पडलं. मी तिथेच मातीत बसले आणि सगळं सांगितलं. कात्री, चौकोन, अस्तर, भर. आत्तींनी ऐकून घेतलं. त्या मला चार शिव्या हासडतील असं वाटलं होतं, निदान मला तसं हवं होतं. त्यांनी पदर सोडला. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत. चहाची कपबशी मी ठेवायची आणि तशीच उचलायची. मला फार लाज वाटली. त्यांचं माहेर मी कापलं होतं, आणि ते बाजारात मिळत नव्हतं.

बारशाच्या सकाळी त्यांनी हाक मारली. "ती वाकळ आन."

आणली. त्यांनी मांडीवर पसरली. बोटं एकेका चौकोनावरनं फिरवली. छापील आलं की पुढे, पांढरं आलं की थांबायचं. "ह्यो काट. ह्यो पदर. ह्यो बी पदरच." मधल्या जोडावर बोट आलं आणि त्या थबकल्या. "ही शिवन कुनी घातली?"

"मीच."

"दगा देनार ही."

"आत्ती, आवं, मी दुसरी शिवते. ही नको बाळाला. मयताचं कापड..."

"कुनाचं मयत? मी मेली व्हय अजून?" आवाज पहिल्यासारखा खणखणीत निघाला. "नेसल्याबिगर ते मयताचं कसं हुईल? माज्या भावाचं हाय. घाल पोरीला त्याच्यावर." मग म्हणाल्या, "आता मला मरता यायचं न्हाई. यम आला तर सांगाय पायजे, थांब बाबा, माजं लुगडं पोरीच्या अंगाखाली हाय."

आणि ताटभर जेवल्या.

नातीचं नाव चांगलं ठेवलं, पण सगळे तिला चिमी म्हणतात. जावयाची नोकरी इकडेच लागली, त्यामुळे चिमी कुंडललाच, आमच्या घरी वाढली आणि त्या वाकळेशिवाय झोपेना. आत्ती पावणेदोन वर्षं तिच्याशेजारी वाकळेचं एक टोक धरून पडायच्या. एकदा मला जवळ बोलावून बजावलं, "मी गेली की हीच घाला माज्या अंगावर. भाऊ हाय त्यात."

एका सकाळी त्या उठल्याच नाहीत.

अंगण माणसांनी भरलं. आंघोळ घातली, ते फिकट जांभळं लुगडं नेसवलं आणि मी शब्द दिल्याप्रमाणे वर वाकळ पांघरली. बायकांनी गळा काढला, सुभेदार ताठ उभे राहून रडत होते. तेवढ्यात वैशालीच्या कडेवरची चिमी खाली उतरली, माणसांच्या पायांतून वाट काढत तिरडीपाशी गेली आणि ओरडली, "माजी!"

आणि वाकळेचं एक टोक धरून ओढलं.

मी दुसरं टोक धरलं. "चिमे, सोड! पणजीची आहे!"

"माजी!"

"अगं सोड!"

चारशे माणसांसमोर, सासूच्या मढ्यावर, मी पावणेदोन वर्षांच्या पोरीशी रस्सीखेच खेळत होते! तिनं पाय रोवले, मी रोवले, आणि टर्रर्र! मधला जोड या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवला. चिमी अर्धी वाकळ घेऊन मागच्या मागे बसली. अर्धी आत्तींच्या अंगावर राहिली. नऊ चौकोन पांढरे तिच्याकडे, नऊ त्यांच्याकडे.

रडणं थांबलं. मग शेजारच्या धोंडूकाकूंनी डोळ्याला पदर लावला. "म्हातारीनं वाटून दिलं गं बाई! निम्मं माहेर नेलं, निम्मं ठिवलं!" त्यावर जो हंबरडा फुटला, तसा आमच्या गल्लीत कुणाच्या मयताला फुटला नसेल. मीही रडले. मला त्या दोन बोटांची आठवण आली आणि आवरेना.

तेराव्याला जाऊबाईंनी मला बाजूला घेतलं. "खरं सांगा. तो मधला जोड तुम्ही मुद्दाम कच्चा ठेवला होता ना? आत्तींनीच सांगितलं असेल."

मी मान खाली घातली आणि म्हटलं, "हो."

गावात आता माझं नाव झालंय. मुद्दाम कच्चं शिवायला फार हात बसलेला लागतो म्हणे! चिमीच्या अर्ध्या वाकळेची उसवलेली कड मी मशिनवर बसून, जीव ओतून, दोनदा टीप मारून पक्की करून दिली.

परवा ती पुन्हा उसवली.