प्रज्ञाची उजवी चकती

सकाळी प्रज्ञाचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. पापण्या बोटांनी उघडेनात. कपाळावर फोड आले होते. आदल्या दिवशी तिच्या डोक्याला बिब्बा मीच लावला होता. कुरुंद्याहून वसमतच्या दवाखान्यात नेताना जीपमध्ये तिची आई माझ्याकडे बघतही नव्हती. प्रज्ञाने चाचपडत माझा हात धरला.

"मावशी, उजवीला लावलं न्हवतं ना?"

"न्हाई ग माय."

"मग ठीक हाय."

प्रज्ञा आमच्या शेजारची पोरगी, नांदेडला शिकायची. मी चौथी शिकलेली, म्हणून हळद निवडता निवडता तिनेच मला तिचं काम समजावलं होतं. आपल्या अंगात डीएनए नावाचा लांब धागा असतो. त्यावर प्रोटीन कुठे येऊन बसतं, त्यावरून कोणतं काम सुरू व्हायचं ते ठरतं. ती त्या धाग्याचे तुकडे खळीसारख्या थरातून पळवायची.

"प्रोटीन बसलेला तुकडा मागं राहतो, मावशी."

"डोक्यावर भारा घेतलेली बाई राहती तसा?"

"बराबर! तुमालाच न्यायला पाहिजे नांदेडला."

मागे राहिलेल्या तुकड्याची रेघ फार पुसट दिसते म्हणे. नजर गेली तर ते शिक्षण गेलं. जीपमध्ये मला भीती होती ती डोळ्यांची.

केस आधीच जात होते. डोक्यावर दोन चाया पडल्या होत्या, रुपयाएवढ्या, गुळगुळीत. डॉक्टरने चकतीत सुया टोचल्या. केस आले, पुन्हा गेले. आईने कांद्याचा रस चोळला. "बसमधी माझ्याजवळ कुणी बसून न्हाई राहिलं," एवढंच प्रज्ञा म्हणाली. मग मी बिब्बा काढला. लावा म्हणाली, पण डाव्याच चकतीला.

"काहून? उजवी सवतीची हाय का?"

"दोन्हीला लावला अन् केस आले, तर बिब्ब्यानं आले का आपसूक, कसं कळंल?"

बिब्ब्याचं तेल गोड्या तेलात मिसळून लावतात. मी नुसतंच लावलं. चूक माझी.

चौथ्या दिवशी डोळे उघडले. दोन महिन्यांनी डाव्या चकतीवर लव आली आणि मी गल्लीभर सांगत सुटले. प्रज्ञाने बायकांसमोर डोकं वाकवलं, माझं बोट धरून उजव्या चकतीवर ठेवलं. तिथेही तेवढीच लव.

"मावशी, तुमचा बिब्बा नापास."

बायका हसल्या. मी तिला आगाऊ म्हणाले आणि दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच वाटीभर भाजी घेऊन आली.

पुढच्या वर्षी सगळेच केस गेले, भुवयांसकट. तिने औषधं बंद केली. पुण्याला काम लागलं तेव्हा उघड्या डोक्याने एसटीत चढली. आई म्हणाली, रुमाल तरी बांध. "उकडतं," प्रज्ञा म्हणाली.

आता ती तिथेच असते. केस परत आले नाहीत. दोन्ही डोळ्यांनी तिला चांगलं दिसतं.